जाळं रिकामं होतं, तळं नव्हतं: हिवाळ्यातल्या मासेमारीकडून शिकलेलं सॅम्पलिंग

मागच्या लेखात आपण रिसर्च प्रॉब्लेम कसा निवडायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी बघू: तुम्ही जे मोजताय, ते खरंच तेच आहे का? हे मला कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही, फुलंब्रीजवळच्या एका सिंचन तलावावर, जानेवारीच्या थंडीत समजलं. जरा उशिराच समजलं, म्हणून तुम्हाला आधी सांगते.

माझं पीएच.डी.चं काम गोड्या पाण्यातल्या माशांवर आहे. पहाटे साडेपाचला स्कूटीवरून तलाव गाठायचा, थर्माकोलच्या तराफ्यावरून मच्छीमार दादा रात्रभर लावलेलं जाळं काढून आणतात, ते काठावर बसून मोजायचं. किती मासे, कोणती जात, लांबी, वजन. ऑक्टोबरमध्ये हे काम मजेचं होतं. रोहू, कटला, मृगळ, मधूनच एखादा मरळ किंवा वाम. डिसेंबर लागला आणि जाळं हलकं व्हायला लागलं. जानेवारीत तर काही दिवस नुसतं ओलं जाळं हातात आलं. मध्येच एखाद्या सकाळी अचानक भरपूर मासे, की पुन्हा चार दिवस काहीच नाही.

मी प्रामाणिकपणे ग्राफ काढला. रेघ सरळ खाली. आणि मनात वाक्यसुद्धा तयार झालं: तलावातली माशांची संख्या झपाट्याने घटते आहे.

हे वाक्य फक्त माझ्या थीसिसमध्ये गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तलाव एका मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला आहे. पावसाळ्यात त्यांनी पैसे घालून बोटुकली सोडली होती. ‘बीज मेलं, आता पुढच्या वर्षी पैसे घालायचे का नाही,’ अशी चर्चा सुरू झाली होती, आणि बीज आणणाऱ्या माणसाकडे सगळे संशयाने बघत होते. एका बैठकीत मला विचारलं, “ताई, तुमचा ग्राफ काय म्हणतो?”

मी बोलणार तेवढ्यात मागे बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, “मासा कुठं जाणार, ताई? पाण्यातच हाये. थंडीचा बसून राहतो.”

मी गप्प बसले. कारण माझ्याकडे ‘बसलेला मासा’ आणि ‘नसलेला मासा’ यांच्यातला फरक दाखवणारा एकही कॉलम नव्हता.

बसून राहतो म्हणजे काय होतं?

मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचं तापमान पाण्यासोबत वर-खाली होतं. शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमानावर चालतात, त्यामुळे पाणी थंड झालं की सगळंच मंदावतं: हृदयाचे ठोके, पचन, पोहणं, भूक. जीवशास्त्रात यासाठी ‘क्यू-टेन’ नावाचं एक साधं माप आहे. तापमान १० अंशांनी बदललं तर क्रियेचा वेग किती पट बदलतो, ते हे माप सांगतं. बऱ्याच जैविक क्रियांसाठी ते २ ते ३ च्या दरम्यान असतं. म्हणजे क्यू-टेन २ धरला आणि पाणी २८ अंशांवरून १८ वर आलं, तर वेग साधारण निम्मा.

रोहू, कटला, मृगळ हे उष्ण प्रदेशातले मासे. २५ ते ३० अंशांच्या आसपास ते चांगले खातात, वाढतात. पाणी १४ अंशांच्या खाली गेलं की रोहूला ते मानवत नाही. तिलापिया म्हणजे आपला चिलापी तर थंडीला आणखी नाजूक: ११-१२ अंशांपर्यंत पाणी उतरलं तर तो मरूही शकतो. आपल्याकडे हवेचं तापमान १० पर्यंत उतरलं तरी तलावाचं पाणी तेवढं उतरत नाही, कारण पाणी तापायलाही वेळ घेतं आणि थंड व्हायलाही. त्यामुळे मासे मरत नाहीत. ते फक्त कमी हलतात आणि कमी खातात.

आता जाळ्याचा विचार करा. रात्री पाण्यात उभं लावून ठेवायचं जाळं, ज्याला पुस्तकात गिलनेट म्हणतात, ते स्वतः काहीच पकडत नाही. ते उभं असतं. मासा पोहत येतो, डोकं घालतो, कल्ल्यापाशी अडकतो. म्हणजे जाळ्यात किती मासे येणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तलावात मासे किती, आणि ते रात्रीत किती फिरले. मासे तेवढेच राहून त्यांचं फिरणं निम्मं झालं, तरी जाळं निम्मं रिकामं येणार.

गळाचं तर विचारूच नका. त्याला मासा नुसता फिरता असून भागत नाही, भुकेलाही असावा लागतो.

मग मध्येच एखादा दिवस भरभरून का?

मला वाटायचं हा नुसता योगायोग. नंतर जाळ्याच्या वहीशेजारी हवामानाची नोंद ठेवायला लागले, तेव्हा काही गोष्टी दिसल्या.

मराठवाड्यातला हिवाळा एकसारखा थंड नसतो. उत्तरेकडून कोरडे वारे आले, आकाश निरभ्र राहिलं की रात्री जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते आणि पारा घसरतो. मग समुद्राकडून बाष्प येतं, ढग जमतात, तेच ढग गोधडीसारखे वर पसरतात आणि रात्र उबदार होते. आपल्या शेतकऱ्याला हे बरोब्बर माहीत असतं, कारण ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळीची काळजी लागते. अशा उबदार रात्री दोन-तीन सलग आल्या की उथळ पाणी थोडं सावरतं, मासे हलायला लागतात, जाळं भरतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या स्वच्छतेची. पावसाळ्यातला गाळ हिवाळ्यापर्यंत खाली बसतो. पाणी नितळ होतं. नितळ पाण्यात माशाला जाळं दिसतं. त्यात टिपूर चांदणं असेल तर आणखीच. ‘पुनवेला जाळं कशाला भिजवायचं’ असं दादा लोक म्हणायचे, तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटली होती.

तिसरी गोष्ट मी जवळजवळ विसरलेच होते: कालव्याचं पाणी. रब्बीत गहू, हरभरा, कांदा, अद्रक, सगळ्यांना पाणी लागतं. तलाव रिकामा होत जातो. पाणी कमी झालं की तेच मासे थोड्या जागेत दाटीने येतात, आणि मग पकड वाढते. मासे एकही न वाढता! म्हणजे थंडीमुळे आकडा खाली जातो आणि पाणी आटल्यामुळे वर जातो. दोन्ही बदल एकाच हंगामात होतात, आणि माझ्या ग्राफवर त्यांची एकच रेघ.

एक शंका मात्र खोडता आली. ‘हिवाळ्यात प्राणवायू कमी पडत असेल’ असं मला एका मित्राने सुचवलं होतं. उलट आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: समुद्रसपाटीला ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, तर १५ अंशांच्या पाण्यात सुमारे १०. आपण उंचावर आहोत, त्यामुळे आपले आकडे थोडे कमी, पण कल तोच. शिवाय मंदावलेल्या माशाला प्राणवायू लागतोही कमी. नीट मोजून एखादं कारण बाद करता येणं हीसुद्धा प्रगतीच असते, हे लक्षात ठेवा.

बर्फातले गळवाले

याच काळात वाचन करताना मला एक वेगळंच जग सापडलं: फ्लाय फिशिंग. आपल्याकडे फारसं दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. यात गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. पिसं आणि धागा गुंडाळून गळाचाच खोटा किडा बनवतात. हा किडा इतका हलका की तो फेकताच येत नाही, म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. दोरी फेकायची, किडा तिच्यामागे जातो. ब्रिटिशांनी हा छंद आणि त्यासाठी लागणारे ट्राउट मासे काश्मीर, हिमाचल, निलगिरीपर्यंत आणले.

थंड देशांत काही लोक भर हिवाळ्यात, नदीकाठी बर्फ असताना हे करतात. दोरी ज्या कड्यांतून जाते त्या कड्यांत बर्फ गोठतो, बोटं बधिर होतात, आणि दिवसच्या दिवस काही लागत नाही. पण त्यांचे नियम वाचताना मला तलावावरचे बाबा आठवले. पहाटे जाऊ नका, दुपारी जा, पाणी एखाद-दोन अंशांनी तापलेलं असतं. संथ आणि खोल पाणी शोधा, कारण मंदावलेला मासा प्रवाहाशी झुंजत ताकद घालवत नाही. किडा अगदी त्याच्या तोंडापाशी न्या, तो पाठलाग करणार नाही. किडा लहान ठेवा, कारण हिवाळ्यात बाहेर पडणारे मुख्य कीटक म्हणजे डासासारखे दिसणारे पण न चावणारे बारीक ‘मिज’.

गंमत म्हणजे ट्राउटला १८ अंशांचं पाणी गरमच म्हणायचं, आणि आपल्या रोहूला तेच गार. थर्मामीटर तेच, अर्थ वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधली तापमानाची मर्यादा आपल्या माशाला जशीच्या तशी लावायची नसते.

पण मला त्यांच्या नियमांपेक्षा एक गोष्ट जास्त खटकली. असे लोक लिहितात ते बहुतेक मासा लागलेल्या दिवसांबद्दल. फोटो असतो तो माशाचा. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाचा फोटो कोण काढतो? आणि मग माझ्याच वहीकडे नजर गेली. ‘जाळं रिकामं’ अशा दोन सकाळी मी नोंदच केली नव्हती. लिहायला काही नव्हतं ना!

शून्य हाही आकडा आहे

समजा पाच दिवसांत १२, ०, ०, ९ आणि ० किलो मासे मिळाले. खरी सरासरी ४.२ किलो. शून्याचे दिवस गाळले तर सरासरी १०.५. दोन्ही आकडे त्याच तलावाचे, त्याच आठवड्याचे. तुम्ही माहिती काठावर न घेता फक्त बाजारात बसून गोळा केली, तर दुसराच आकडा मिळणार. कारण रिकामं जाळं बाजारात येतच नाही.

म्हणून मत्स्यशास्त्रात नुसती पकड मोजत नाहीत, प्रयत्नामागची पकड मोजतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीपीयूई म्हणतात: किती मीटर जाळं, किती तास लावलं, त्यात किती मिळालं. आणि तिचं मूळ समीकरण शब्दांत असं आहे:

प्रयत्नामागची पकड = पकडले जाण्याची शक्यता × तलावातले मासे

डावीकडचा आकडा आपण मोजतो. उजवीकडचा शेवटचा आकडा आपल्याला हवा असतो. मधला आकडा, म्हणजे पकडले जाण्याची शक्यता, आपण गृहीत धरतो की तो बदलत नाही. हिवाळा नेमका तोच बदलतो. माझी चूक तिथे होती. मोजणी बरोबर होती, गृहीतक चुकलं होतं.

ही चूक उलट दिशेनेही होते, आणि तेव्हा फार महागात पडते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळ शतकानुशतकं कॉड मासा पकडला जायचा. १९८० च्या दशकात मोठ्या जहाजांना प्रयत्नामागची पकड चांगली मिळत राहिली. त्यावरून साठा ठीक असल्याचा अंदाज बांधला गेला. प्रत्यक्षात मासे कमी होत होते, पण उरलेले दाटीने एकत्र येत होते आणि जहाजं आधुनिक यंत्रांनी नेमके तेच थवे शोधत होती. जुलै १९९२ मध्ये ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. तिथे भरलेलं जाळं फसवं निघालं, माझ्याकडे रिकामं.

मग खरं कळणार कसं?

मी तीन गोष्टी बदलल्या. या तुमच्या विषयालाही लागू पडतील, मासे असोत वा नसोत.

पहिली: शून्य लिहायचं. त्याच्याशेजारी पाण्याचं तापमान, पाण्याची पातळी, ढग, चांदणं, जाळं किती तास होतं, हेही लिहायचं. उद्या ‘का’ विचारायचं असेल तर आज कॉलम असायला हवा.

दुसरी: एकाच गोष्टीला वेगवेगळ्या हत्यारांनी विचारायचं. गळाला मासा भुकेला हवा. उभ्या जाळ्याला मासा फिरता हवा. फेकजाळं मात्र माशावर आपण जाऊन टाकतो, त्याला मासा फक्त तिथे असला तरी पुरतं. आता बघा: तिन्हींची पकड सारखीच घटली तर मासे खरंच कमी झाल्याची शंका घ्या. गळ सर्वात जास्त घटला, उभं जाळं त्याहून कमी, आणि फेकजाळं फारसं नाही, तर वागणूक बदलली आहे. माझ्याकडे चित्र दुसऱ्या प्रकारचं दिसलं. अर्थात फेकजाळं खोल पाण्यात नीट चालत नाही, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरेसा नव्हता.

तिसरी: खूण करून परत पकडणं. डेन्मार्कच्या पीटरसन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माशांना खुणा करून सोडण्याची पद्धत वापरली, म्हणून या अंदाजाला त्यांचं नाव जोडलं जातं. समजा तुम्ही १०० मासे पकडून, परातला जराशी खूण करून सोडले. काही दिवसांनी ८० मासे पकडले, त्यात ८ खुणेचे निघाले. म्हणजे दर दहात एक. तर तलावात एकूण मासे साधारण १,०००.

आता यातली खरी युक्ती बघा. थंडीने मासे मंदावले असतील तर खुणेचे आणि बिनखुणेचे दोन्ही मंदावणार. पकड कमी येईल, पण प्रमाण तेच राहील. जो मधला आकडा मला छळत होता, तो भागाकारात उडून जातो! हे गणित वहीवर मांडून पाहिलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

पण थांबा, ही पद्धतही फुकट काही देत नाही. खूण गळून पडता कामा नये, मासे बाहेरून येता-जाता कामा नयेत, आणि खुणेचे मासे बाकीच्यांत नीट मिसळले पाहिजेत. मंदावलेले मासे मिसळायला वेळ घेतात, म्हणून हिवाळ्यात दोन पकडींमध्ये जास्त दिवस ठेवावे लागतात. जाळ्याच्या भोकाच्या आकाराप्रमाणे ठरावीक आकाराचेच मासे येतात, तेव्हा अंदाजही तेवढ्याच आकाराच्या माशांचा. आणि ८ खुणेचे मासे म्हणजे पुरावा बारीकच. ढोबळ हिशोबाने सापेक्ष चूक असते एक भागिले खुणेच्या माशांच्या संख्येचं वर्गमूळ. ८ साठी ती ३५ टक्क्यांच्या आसपास येते. २० टक्क्यांवर आणायची तर निदान २५ खुणेचे मासे परत मिळायला हवेत. संस्थेची परवानगी आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम, हे अर्थातच सगळ्याच्या आधी.

पुन्हा त्याच बैठकीत

फेब्रुवारीअखेर मी पुन्हा त्या बैठकीत बसले. या वेळी ग्राफसोबत एक मर्यादाही सांगितली: “अंदाज ढोबळ आहे, पण बीज सगळं मेलं असं म्हणायला आधार नाही. मासे आहेत. ऊन वाढू द्या, मग ठरवा.” बीज आणणारे दादा काही बोलले नाहीत. फक्त मला चहाचा कप पुढे केला. ते बाबा म्हणाले, “म्या तर तवाच सांगितलं होतं.”

खरंच सांगितलं होतं. फरक एवढाच, की त्यांना ते माहीत होतं आणि मला ते दाखवता येत नव्हतं. माझं काम त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असणं हे नाहीच. त्यांचं वाक्य खोटं ठरू शकेल अशी परीक्षा तयार करणं आणि मग ते टिकतं का ते बघणं, हे माझं काम.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल, त्याच्या आधी एक छोटा गृहपाठ करा. कागदावर दोन ओळी लिहा. एक: मला काय जाणून घ्यायचं आहे. दोन: मी प्रत्यक्षात काय मोजणार आहे. मग त्या दोन ओळींच्या मध्ये काय काय बदलू शकतं त्याची यादी करा. तुमचा विषय प्रश्नावलीचा असेल तर उत्तर न देणारी माणसं हे तुमचं रिकामं जाळं. प्रयोगशाळेचा असेल तर न दिसलेला बँड. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांच्यातलं अंतर तुम्ही कसं मोजणार, याचं उत्तर त्या यादीत सापडलं, तर तुमची मेथडॉलॉजी निम्मी लिहून झाली असं समजा.

आणि हो, वहीत शून्य लिहायला लाजू नका. थंडीत पहाटे उठून कमावलेलं असतं ते.